रात्रीचं कॅन्टीन बंद करणाऱ्यांना एका सिस्टरचं खुलं पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक, मा. अधिसेविका आणि विश्वस्त मंडळ

सर, मॅडम आणि विश्वस्त मंडळी,

रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर चर्चा नावाचीच झाली असती आणि विदर्भातल्या बाकीच्या रुग्णालयांचे अधीक्षक 'आपल्याकडे बुवा असं नाही' म्हणून मोकळे झाले असते. त्यांच्याकडेही असंच आहे. तिथल्या सिस्टर्स माझ्याबरोबर शिकलेल्या आहेत, आमचं फोनवर बोलणं होतं.

गेल्या महिन्यात नोटीस बोर्डावर परिपत्रक लागलं. कॅन्टीन रात्री १० ते सकाळी ७ बंद राहील आणि कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी तळमजल्यावर व्हेंडिंग मशीन बसवण्यात येत आहे. कारण दिलं होतं तोट्याचं. त्याच आठवड्यात त्याच बोर्डावर दुसरा कागद लागला: 'ताणतणाव व्यवस्थापन व सकारात्मक विचार', एक दिवसाची कार्यशाळा, सकाळी नऊ वाजता, उपस्थिती अनिवार्य. नाईट करून सुटलेल्या मुली आठला हँडओव्हर देऊन तासभर सभागृहाबाहेर बसून राहिल्या. मग वक्त्यांनी त्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. अर्ध्या जणी खरोखरच झोपल्या. वक्ते खूश झाले, म्हणाले, बघा, किती लवकर मन शांत झालं.

हे दोन्ही कागद शेजारी शेजारी लावताना तुमच्यापैकी कोणालाच काही खटकलं नाही, म्हणून हे पत्र. आमच्या मनाच्या आरोग्यासाठी तुम्ही भाषण आणलंत आणि जेवण काढून घेतलंत. आणायचं-काढायचं नेमकं उलटं झालं असतं तरी चाललं असतं.

माझा यात काय संबंध, तेही सांगते. मी पुरुष मेडिसिन वॉर्डात आहे. महिन्यातून एक आठवडा नाईट, रात्री आठ ते सकाळी आठ. कोणी रजेवर असलं की दोन आठवडे. गेल्या वर्षी मला रडू यायला लागलं. कारण काही नाही. सलाईन लावताना यायचं, भाजी निवडताना यायचं. दुसऱ्या शहरात जाऊन मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, अजून चालू आहेत. त्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलेल्या प्रश्नांपैकी निम्मे झोपेचे आणि खाण्याचे होते. रात्रीचं शेवटचं जेवण किती वाजता, ड्युटीवर काय खाता, चहा किती, उपवास किती. मग रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊच्या खाली, बी-१२ तळाला गेलेलं. रुग्णालयात नोकरी करणाऱ्या बाईची ही तऱ्हा, असं ते बोलले नाहीत, पण चष्म्यावरून एकदा बघितलं तेवढं पुरे झालं.

म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. पोळी-भाजीने नैराश्य बरं होतं असं कोणी म्हणालं तर त्याच्याशी पहिली मी भांडेन. 'बदाम खा, मन प्रसन्न राहील' छापाच्या मेसेजेसनी आमच्या नातेवाइकांचे ग्रुप भरून वाहतात, आणि त्या नादात गोळ्या सोडलेले पेशंट आमच्याच वॉर्डात येतात. औषध ते औषध. पण खाण्याचा मनाशी संबंधच नाही, असंही आता कोणी शहाणा डॉक्टर म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने नैराश्याच्या ६७ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेकांचे नेहमीचे उपचार चालूच होते. अर्ध्यांना १२ आठवडे आहारतज्ज्ञाच्या मदतीने जेवण सुधारायला लावलं: भाज्या, डाळी, अख्खी धान्यं, फळं, मासे, सुकामेवा जास्त, तळलेलं, गोड आणि पाकिटातलं कमी. उरलेल्यांना तेवढाच वेळ नुसत्या गप्पांसाठी सोबत दिली. शेवटी आहार बदललेल्यांपैकी ३२ टक्के लोक नैराश्याच्या व्याख्येबाहेर आले, गप्पावाल्यांपैकी ८ टक्के. अभ्यास लहान आहे, त्यावर मंदिर बांधायचं कारण नाही. पण नुसत्या बोलण्यापेक्षा ताट बरं ठरलं, आणि तुम्ही आम्हाला नुसतं बोलणं दिलंत.

आणि हे ताट काही परदेशातून मागवायचं नाही. मटकीची उसळ, ज्वारीची भाकर, मेथी नाहीतर आंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ताक. जवस तर आपल्याच भागातलं. हे सगळं कॅन्टीनवाले काका साठ रुपयांत देत होते, वर सांभार (म्हणजे कोथिंबीर) घालून वरण वेगळं.

आता तक्रारी.

पहिली जागेची आणि वेळेची. वॉर्डात आम्ही खायचं कुठे, तर चेंजिंग रूममध्ये. तिथे एक लोखंडी कपाट, मोडके आयव्ही स्टँड आणि एक स्टूल आहे, त्याच्या एका पायाखाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून घातलाय. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. संध्याकाळी सातला भरलेला डबा मध्यरात्री उघडला की आधी वास घ्यावा लागतो, मग घास. वॉर्डातला फ्रिज इन्सुलिनचा, त्यात डबा ठेवायचा नाही. हा नियम बरोबरच आहे, नव्या मुलींना त्यावरून मीच रागावते. पण म्हणून डब्यांसाठी दुसरा छोटा फ्रिज नको का?

यंदाच्या मार्चमधली गोष्ट मेट्रन मॅडमना माहीत आहे. एका नव्या सिस्टरने रात्री दीड वाजता नर्सिंग स्टेशनवरच डबा उघडला. दोन पेशंट ऑक्सिजनवर होते, मॉनिटर नजरेआड करायचे नव्हते, आणि जोडीची सिस्टर कॅज्युअल्टीतून पेशंट आणायला गेलेली. एका नातेवाइकाने मोबाइलवर शूटिंग केलं, 'पेशंट तडफडतोय आणि सिस्टर जेवतायत.' पेशंट तडफडत नव्हता, झोपला होता. त्या व्हिडिओतच त्याचं घोरणं ऐकू येतं. तरी मेमो तिला मिळाला. तेव्हापासून ती नाईटला जेवत नाही. ग्लुकोजची बिस्किटं आणि चहा, बस. वय चोवीस.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती बंधनकारक केली. दीडशेच्या वर कामगार असतील तर जेवायची खोली, अडीचशेच्या वर असतील तर उपाहारगृह, हेही त्यातच. रुग्णालय म्हणजे कारखाना नाही, हे मला कळतं. पण स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षी गिरणीत साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी जे सुचलं, ते आज आयसीयूत उभ्या राहणाऱ्या बाईसाठी सुचू नये? बारा तासांत आम्हाला हक्काचा अर्धा तास कुठे आहे ते कोणी रोस्टरवर बोट ठेवून दाखवावं.

दुसरी तक्रार मशीनची. मी ते नीट बघितलं आहे. वरच्या दोन ओळी चिप्स, मग क्रीमची बिस्किटं, चॉकलेट, कपातल्या नूडल्स (गरम पाणी आपलं आपण बघायचं), खाली कोल्ड्रिंक्स. नोट जुनी असेल तर घेत नाही, घेतली तर कधी कधी परत देत नाही. गेटबाहेरची आलूबोंड्याची गाडी अकराला उठते, आणि उठली नसती तरी रात्री दोनला एकट्या बाईने रस्त्यावर जावं असं तुम्हीही म्हणणार नाही. म्हणजे ज्याला भूक लागली त्याला हेच.

शरीराचं घड्याळ मला तुम्हाला शिकवायला नको. रात्री इन्सुलिनचं काम मंदावतं, तेच गोड पहाटे तीनला खाल्लं तर साखर जास्त चढते आणि जास्त वेळ वर राहते. मग सुस्ती येते, आणि पाचच्या राउंडला डोळे उघडे राहायला हवेत म्हणून चहा. कॅफिनचं निम्मं प्रमाण उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे पहाटे चारच्या चहातला निम्मा नऊ वाजता, पडदे ओढून आडवं होताना, अजून रक्तात असतो. झोप तुटते. तुटक्या झोपेने भूक वाढवणारी हार्मोन्स वाढतात आणि गोडाची, तळलेल्याची ओढ लागते. दुसऱ्या रात्री परत मशीन. हे आठवडाभर चाललं की शनिवारी घरी कोणावर तरी ओरडणं होतं, आणि ओरडणं ज्याच्यावर होतं तो बहुधा सगळ्यात लहान असतो. त्यावर उपाय म्हणून 'सकारात्मक राहा'!

इथे तुमच्यापैकी कोणी अभ्यासू असेल तर मला अडवेल, आणि अडवावं. अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी १९ जणांना प्रयोगशाळेत ठेवून नाईट ड्युटीची नक्कल केली, तो अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. जे दिवसाही आणि रात्रीही जेवत होते त्यांच्यात उदासपणा २६ टक्क्यांनी आणि चिंता १६ टक्क्यांनी वाढली. जे फक्त दिवसाच जेवत होते त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. म्हणजे रात्री खाऊच नये, मग कॅन्टीन बंद केलं ते बरंच झालं की!

थांबा जरा. एक तर ते १९ जण प्रयोगशाळेत होते. त्यांना ऐंशी किलोचा पेशंट कुशीवर वळवायचा नव्हता, रात्रभरात दोन मजले चढून रक्ताची पिशवी आणायची नव्हती. तिथे जे जमलं ते वॉर्डात प्रत्येकीला जमेल असं नाही, त्यातून कोणी गरोदर असते, कोणाला डायबिटीस असतो. पण त्या अभ्यासातून मी घेते ते एवढंच की रात्रपाळीत काय खायचं याइतकंच कधी खायचं हे महत्त्वाचं. पोटभर जेवण रात्रीच्या सुरुवातीला, शक्यतो दहा-साडेदहाच्या आत. मध्यरात्रीनंतर लागलंच तर हलकं काहीतरी, उकडलेलं अंडं, मूठभर शेंगदाणे-फुटाणे, एखादं फळ, ताक. आणि घरी जाऊन झोपण्याआधी सकाळी नीट नाश्ता. तुम्ही बघा, तुमच्या परिपत्रकाने नेमक्या याच तीन वेळा कशा मारल्या आहेत. आठला ड्युटी सुरू होते, हँडओव्हर, औषधं, नव्या अ‍ॅडमिशन करता करता दहा वाजतात आणि दहाला शटर खाली येतं. सकाळी सातला ते उघडतं तेव्हा आम्ही हँडओव्हरच्या नोंदी लिहीत असतो, आणि आठनंतर घरची बस धरायची असते. मधल्या नऊ तासांत, ज्या वेळी शरीराला गोड-तळलेलं सगळ्यात कमी सोसतं, तेव्हा गोड-तळलेल्याचं मशीन मात्र लख्ख उजेडात उभं. रात्री कॅन्टीन पूर्णवेळ चालवा असा माझा हट्टच नाही. अभ्यास करून वेळा ठरवल्या असत्या तर तोटाही कमी झाला असता.

तिसरी तक्रार रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये अ‍ॅनिमिया आढळला. आपल्याकडे दर महिला दिनाला सिस्टर्सचं हिमोग्लोबिन तपासतात, फोटो काढतात, गुलाबाचं फूल आणि रिपोर्ट देतात. त्या रिपोर्टचं पुढे काय होतं? काही नाही. फाइलसुद्धा नाही. बी-१२ तर कोणी तपासतच नाही. भारतीय लोकांत, विशेषतः शाकाहारी लोकांत, बी-१२ ची कमतरता किती पसरलेली आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं. ही दोन्ही कमी असली की माणूस थकतो, चिडतो, विसरतो, मन लागत नाही. अशी लक्षणं घेऊन एखादी पेशंट ओपीडीत आली तर तुम्ही पहिल्यांदा रक्त काढायला सांगाल. आमच्यात दिसली की अप्रेझलमध्ये 'अ‍ॅटिट्यूड सुधारण्याची गरज' असं लिहून येतं.

आमच्या बाजूनेही काही गोष्टी आहेत, त्या मी लपवत नाही. मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र, चतुर्थी, आणि त्यातच नाईट. साबुदाण्याची खिचडी खाऊन बारा तास. जेवणावर लगेच चहा, ज्याने लोह शोषलं जाणं कमी होतं, हे पेशंटला सांगणाऱ्या आम्हीच. यावर बोलायला रुग्णालयात पगारी डाएटिशियन आहेत, पण त्यांच्या कामाच्या यादीत फक्त पेशंट आहेत.

चौथी तक्रार थोडक्यात सांगते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. आपल्याकडे मानसोपचार विभाग आहे. तिथे सिस्टरने केसपेपर काढला तर संध्याकाळच्या शिफ्टपर्यंत लिफ्टमनलाही कळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला. आम्ही रुग्ण झालो तर तो हक्क आम्हालाही आहे. मी दुसऱ्या शहरात गेले ती हौस म्हणून नाही. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत हेल्पलाइन २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येतं. तो नंबर लावण्याइतकीही जागा आपल्या नोटीस बोर्डावर झाली नाही, कार्यशाळेच्या फ्लेक्सला मात्र अख्खी भिंत मिळाली.

तोट्याबद्दल. कंत्राटदाराचं म्हणणं मी त्याच्याकडूनच ऐकलं: रात्री गिऱ्हाईक कमी, गॅस आणि एक माणूस परवडत नाही. खरं असेल. पण पेशंटच्या जेवणाचं स्वयंपाकघर याच इमारतीत आहे आणि तिथला गॅस पहाटे चारला पेटतो, कारण साडेसहाला पेशंटना उपमा जायचा असतो. रात्रीचं जेवण तिथेच संध्याकाळी सहाला शिजतं. त्याच पातेल्यात सिस्टर्स, मामा, मावश्या, सिक्युरिटी आणि रेसिडेंट डॉक्टर यांच्यासाठी आणखी थोडं घालायला किती लागेल, याचा हिशेब कोणी मांडला का? आम्ही फुकट मागत नाही. आणि हिशेबच करायचा तर वर्षभरात सोडून गेलेल्या सिस्टर्सच्या जागी नव्या घेऊन त्यांना शिकवायला काय लागलं, तेही त्यात धरा. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आमच्यासाठी थाळ्या वाजल्या होत्या. तुम्हीही गच्चीवर होतात, फोटो वेबसाइटवर अजून आहेत.

आमच्या मागण्या अशा:

रात्री साडेआठ ते साडेअकरा आणि सकाळी साडेसहा ते साडेआठ गरम जेवण-नाश्ता मिळावा, कॅन्टीनमधून किंवा पेशंटच्या स्वयंपाकघरातून, वाजवी पैशांत. मधल्या वेळेसाठी मशीन ठेवायचंच असेल तर त्यात दूध, ताक, उकडलेली अंडी, फुटाणे, फळं ठेवा. हे जमणार नसेल तर मशीन उचला आणि त्या जागी डब्यांसाठी फ्रिज आणि एक मायक्रोवेव्ह द्या.

प्रत्येक नाईटला अर्धा तास जेवणाची सुट्टी रोस्टरवर लिहिलेली हवी, आणि त्या वेळेत वॉर्ड कोण बघणार त्याचं नावही. नाव नसेल तर ती सुट्टी कागदावरच राहील.

दर मजल्यावर नाही, निदान दोन मजल्यांत एक जेवायची खोली, दार बंद होणारी. आणि मार्चमधला तो मेमो मागे घ्या.

वर्षातून एकदा सगळ्या कर्मचाऱ्यांचं हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासा, कमी असलेल्यांना उपचार द्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. गुलाब नको. डाएटिशियनचा आठवड्यातला एक तास आमच्यासाठी.

समुपदेशक रुग्णालयाबाहेरचा असावा, त्याच्याकडे कोण गेलं याची यादी कोणत्याही कार्यालयात येऊ नये, आणि नाईट सुटलेल्या माणसाला त्याच सकाळी कुठल्याही कार्यक्रमाला बसवू नये.

पुढच्या महिन्याचं रोस्टर लागायच्या आत लेखी उत्तर द्या, तेही त्याच नोटीस बोर्डावर. नाही आलं तर हे पत्र सह्यांसाठी वॉर्डावॉर्डांतून फिरेल आणि त्याची एक प्रत जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जाईल. इथे माझं नाव नाही, ते का हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या प्रतीवर मात्र पहिली सही माझीच असेल.

आपली,
पुरुष मेडिसिन वॉर्डातली एक परिचारिका